बघून ठेवायला काय जाते?

खारघरमध्ये सकाळी नऊच्या सुमारास, म्हणजे उत्सव चौकात शाळेच्या बसगाड्या, रिक्षा आणि कंपनीच्या बसची वाट बघणारे नोकरदार यांची एकाच वेळी गर्दी उसळलेली असताना, एक विधी मोठ्या श्रद्धेने पार पाडला जातो, आणि तो इतक्या गुपचूप होतो की खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसालाही त्याचा पत्ता लागत नाही. नोकरीच्या संकेतस्थळावर खाते असलेला उमेदवार मोबाइल उघडतो, आपल्या माहितीच्या शिरोभागी असलेल्या वाक्याचा पूर्णविराम पुसतो, 'सेव्ह' करतो, तोच पूर्णविराम पुन्हा त्याच जागी देतो, पुन्हा 'सेव्ह' करतो, आणि दिवसाचे पहिले कर्तव्य उरकल्याच्या समाधानाने बसमध्ये चढतो. शिरोभागीच्या या वाक्याला 'रेझ्युमे हेडलाइन' म्हणतात. त्यात उमेदवाराने आपल्या कर्तृत्वाचा सारांश द्यावा अशी अपेक्षा असते, आणि तो सारांश बहुधा 'डायनॅमिक प्रोफेशनल' या दोन शब्दांत आटोपतो. या विधीमागे शास्त्र आहे. रिक्रूटर, म्हणजे कंपन्यांसाठी माणसे हुडकून देणारा माणूस, पोर्टलच्या साठ्यात शोध घेताना 'गेल्या इतक्या दिवसांत सक्रिय असलेले' अशी चाळणी लावू शकतो. म्हणून जे खाते हलते ते जिवंत समजले जाते, आणि खाते हलवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणून पूर्णविरामाची निवड झालेली आहे. देवळात शिरताना भाविक जी घंटा वाजवतो ती देवाला जाग यावी म्हणून की आपण आल्याचे इतरांना कळावे म्हणून, याचा निकाल अद्याप लागलेला नाही. पूर्णविरामाचेही तसेच आहे.

विधीच्या मुहूर्ताबद्दल मात्र जाणकारांत एकवाक्यता नाही. रिक्रूटर साडेनवाला जागेवर बसतो, तेव्हा त्याआधी खाते ताजे असले पाहिजे, असे एक पंथ मानतो. तो बसल्यावर आधी चहा पितो आणि मग संगणक उघडतो, त्यामुळे साडेदहा हीच खरी वेळ, असे दुसरा पंथ मानतो. आणि सोमवारी त्याच्या मीटिंगा असल्यामुळे त्या दिवशी काहीही न करता मंगळवारी दोनदा करावे, असे सांगणारा एक कडवा पंथ तळोज्याच्या बाजूला आहे. काही उमेदवार पूर्णविरामाला कमी लेखून स्वल्पविराम हलवतात. काही जण रोज संपूर्ण रेझ्युमे नव्याने चढवतात आणि त्यासाठी फायलीला रोज नवे नाव देतात, ज्यामुळे 'फायनल', 'नवीन फायनल', 'फायनल खरी' आणि 'फायनल खरी सुधारित' अशी घराण्याची वंशावळ संगणकात तयार होते, आणि ऐन मुलाखतीच्या वेळी हमखास २०१९ ची फाइल पाठवली जाते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांवर एक प्रयोग केला होता. कबुतर काहीही करो वा न करो, ठरावीक वेळाने त्याला आपोआप दाणे मिळतील अशी व्यवस्था त्यांनी केली, आणि थोड्याच वेळात बहुतेक कबुतरांनी आपापली कर्मकांडे सुरू केली: दाणे येण्याआधी एक जण स्वतःभोवती गिरकी घेऊ लागला, दुसरा मान पिंजऱ्याच्या कोपऱ्यात खुपसू लागला, कारण दाणे आपल्या हालचालीमुळेच येतात अशी प्रत्येकाची खात्री पटली होती. खारघरमध्ये कबुतरांची वाण नाही. प्रत्येक इमारतीच्या डक्टमध्ये आणि खिडकीच्या ग्रिलवर त्यांची वस्ती आहे, आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत त्यांच्यावर जाळी बसवण्याचा ठराव दरवर्षी एकमताने मंजूर होतो. त्याच ग्रिलच्या आत बसून पूर्णविराम पुसणाऱ्या गृहस्थाला स्किनरसाहेबांचा हा प्रयोग ऐकवला असता तो अतिशय गंभीरपणे म्हणाला, "पण तीन वर्षांपूर्वी मी पूर्णविराम दिला आणि त्याच दुपारी फोन आला होता."

"मग मिळाली का नोकरी?"

"नाही हो, तो क्रेडिट कार्डवाल्याचा होता. पण नंबर त्याला प्रोफाइलवरूनच मिळाला ना!"

या श्रद्धेचे पोषण कोण करते आणि का करते, हे समजण्यासाठी या धंद्याचा हिशेब थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. नोकरीच्या पोर्टलवर उमेदवाराला बहुधा फुकट प्रवेश असतो आणि पैसे प्रामुख्याने कंपन्या भरतात. त्या दोन गोष्टींसाठी भरतात, एक म्हणजे आपल्या रिकाम्या जागेची जाहिरात लावण्यासाठी आणि दुसरी म्हणजे उमेदवारांच्या माहितीच्या साठ्यात हात घालण्यासाठी. म्हणजे उमेदवार स्वतःला गिऱ्हाईक समजून दुकानात शिरतो आणि फळीवर जाऊन बसतो. आता फळीवरचा माल शिळा असून चालत नाही, आणि हा माल असा चमत्कारिक आहे की ज्या दिवशी त्याचा खरा उपयोग होतो, म्हणजे त्याला नोकरी लागते, त्याच दिवसापासून त्याने दुकानाकडे पाठ फिरवण्याची भीती असते. तेव्हा पोर्टल चालवणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न उमेदवाराला नोकरी मिळवून देणे एवढाच नसून, नोकरी मिळण्याआधी, मिळत असताना आणि मिळाल्यानंतरही त्याला शोधात ठेवणे हा आहे. परक्या माणसाला हे अवघड वाटेल. परंतु पोर्टलवाल्यांच्या सुदैवाने त्यांची गाठ अशा समाजाशी पडली, ज्याला शोधाची सवय सरकारनेच लावून ठेवली होती.

दुसरे महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, सैन्यातून सुटून येणाऱ्या जवानांना कामाला लावण्यासाठी देशात सेवायोजन कार्यालये, म्हणजे बोलीभाषेतली 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज', सुरू झाली आणि पुढे ती सर्वांसाठी खुली झाली. १९५९ मध्ये रिक्त पदे या कार्यालयांना कळवणे सक्तीचे करणारा कायदा आला. त्या कायद्याचे सौंदर्य असे की जागा कळवण्याची सक्ती करतानाच, केवळ जागा कळवली म्हणून कार्यालयामार्फतच माणूस घेण्याचे बंधन मालकावर राहणार नाही, असेही त्यात स्पष्ट केलेले होते. मुलगा मॅट्रिक झाला की पेढे वाटावेत आणि दुसऱ्या दिवशी त्याचे नाव एक्स्चेंजला घालावे, हा मराठी घरातला दोन पिढ्यांचा शिरस्ता होता. तिथे एक कार्ड मिळे, कार्डावर नंबर असे, आणि ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागे, नाहीतर रांगेतली ज्येष्ठता जाई. खारघर रायगड जिल्ह्यात असल्यामुळे आणि जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग असल्यामुळे इकडच्या जुन्या माणसाच्या आठवणीत नोकरीचा शोध म्हणजे वडखळच्या रस्त्यावरची एसटी, अलिबागची खिडकी आणि परत येताना घेतलेले पांढरे कांदे, असा त्रिवेणी संगम आहे. कार्ड असलेला मुलगा बेकार समजला जात नसे. "कॉल यायचाय त्याचा," असे त्याची आई अभिमानाने सांगे, आणि कॉल न आल्याचे खापर पोस्टमनवर फोडता येई. आज हेच काम महाराष्ट्र शासनाच्या 'महास्वयं' या संकेतस्थळावर आणि केंद्र सरकारच्या २०१५ साली सुरू झालेल्या 'नॅशनल करिअर सर्व्हिस' या पोर्टलवर बसल्या जागी होते, त्यामुळे सोय खूप झाली, पण पांढरे कांदे बंद झाले.

खासगी पोर्टलची जन्मकथा तर या लेखाच्या विषयावर प्रकाशच टाकते. संजीव बिखचंदानी हे हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला असताना त्यांच्या लक्षात आले की ऑफिसात येणारे 'बिझनेस इंडिया' नियतकालिक सहकारी मागच्या पानापासून वाचायला घेतात, कारण नोकऱ्यांच्या जाहिराती मागे असत. हे सगळे पोटापाण्याला लागलेले, चांगल्या कंपनीत पंख्याखाली बसलेले लोक होते; त्यांतल्या बहुतेकांना नोकरी सोडायची नव्हती; तरीही बाहेर काय भाव चालला आहे हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हते. या निरीक्षणातून १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉमचा जन्म झाला, आणि आरंभी तर वर्तमानपत्रांत आलेल्याच जाहिराती गोळा करून संकेतस्थळावर टाकल्या जात. बिखचंदानी यांनी हेरलेली ही वृत्ती महाराष्ट्राला नवी नव्हती. 'बघून ठेवायला काय जाते?' या चार शब्दांवर आपल्याकडे साड्यांची दुकाने, मुलींची स्थळे आणि पुनर्विकासाच्या सभा शतकभर चाललेल्या आहेत. पोर्टलला फक्त दुकान उघडायचे होते. गिऱ्हाइके पायरीवर येऊन बसलेलीच होती.

एकदा खाते उघडले की उमेदवाराला त्यात गुंतवण्याचे पहिले साधन म्हणजे टक्केवारी. नाव आणि ईमेल देताच पोर्टल त्याला सांगते की आपले प्रोफाइल अमुक टक्के पूर्ण झाले आहे. ज्याने अजून काहीही केलेले नाही त्याला काहीतरी केल्याचे श्रेय आगाऊ देण्यात मोठे मानसशास्त्र आहे. नुनेस आणि द्रेझ या दोन संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मोटारी धुण्याच्या एका केंद्रात ३०० गिऱ्हाइकांना कार्डे वाटली होती: निम्म्यांच्या कार्डावर आठ शिक्के भरले की एक धुलाई फुकट, आणि उरलेल्यांच्या कार्डावर दहा शिक्के, पण त्यांतले दोन आधीच मारलेले. मेहनत दोघांनाही आठ धुलायांचीच होती. तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केले आणि दुसऱ्या गटातल्या ३४ टक्क्यांनी. खारघरच्या उमेदवाराला हे आगाऊ शिक्के मिळाले की तो ८५ टक्क्यांपर्यंत सहज पोहोचतो आणि तिथे त्याची खरी तपश्चर्या सुरू होते, कारण उरलेल्या १५ टक्क्यांत 'पेटंट', 'शोधनिबंध', 'प्रेझेंटेशन्स' आणि 'पुरस्कार' अशी खाती असतात आणि उमेदवार तळोजा एमआयडीसीत अकाउंट्स बघत असतो. रिकामा रकाना त्याला झोपू देत नाही. मग सोसायटीच्या गणेशोत्सवाची खजिनदारी 'फंड मॅनेजमेंट' होते, वर्गणी न देणाऱ्या चौथ्या मजल्यावरून ती वसूल केल्याचा प्रसंग 'स्टेकहोल्डर निगोशिएशन' होतो, आणि पाणी जाण्याच्या वेळा सांगणारा सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवणे हे 'कम्युनिटी बिल्डिंग' म्हणून नोंदले जाते. ज्ञात भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी यांच्यानंतर आजोळच्या पुण्याईवर कोकणी चढते, आणि तिच्यापुढे 'प्रावीण्य' निवडावे की 'कामचलाऊ', यावर पती-पत्नीत अर्धा तास चर्चा होते. प्रस्तुत लेखाच्या कर्त्याचे स्वतःचे प्रोफाइल ७२ टक्क्यांवर ठप्प झालेले असल्यामुळे या विषयावरील त्याचा अधिकार वादातीत मानावा.

दुसरे साधन म्हणजे पत्रव्यवहार. 'आपल्यासाठी ३१ नव्या संधी' असा ईमेल रोज येतो, त्यांतल्या पाच चेन्नईच्या असतात, चार अनुभव नसलेल्यांसाठी असतात, एक उमेदवाराच्या स्वतःच्याच कंपनीची आणि नेमकी त्याच्याच पदाची असते, जी पाहून त्याला दोन दिवस जेवण जात नाही. परंतु खरा हुकमी एक्का म्हणजे 'या आठवड्यात ७ रिक्रूटर्सनी आपले प्रोफाइल पाहिले' ही वार्ता. कोणी पाहिले, का पाहिले आणि पाहून पुढे काय वाटले, हे त्यात नसते. रविवारी दुपारी अशी वार्ता आली असता खारघरच्या एका दिवाणखान्यात झालेला संवाद पुढीलप्रमाणे होता:

"आई, सात जणांनी बघितलं."

"अगंबाई! कुठले आहेत?"

"ते नाही सांगत. पैसे भरल्यावर सांगतात."

"म्हणजे त्या दुसऱ्या साइटसारखंच की! तिथेही फोटो धूसर दिसतात आणि नंबर पैसे भरल्यावर."

मातोश्रींचे निरीक्षण त्यांना वाटले त्यापेक्षा अधिक अचूक होते, कारण नोकरी डॉट कॉम चालवणारी इन्फो एज हीच कंपनी लग्ने जुळवणारे जीवनसाथी डॉट कॉमही चालवते आणि घरांच्या खरेदी-विक्रीचे ९९ एकर्स डॉट कॉमही चालवते. परिणामी असे होते की एकाच सोफ्यावर मुलगा नोकऱ्या बघत असतो, आई मुली बघत असते, वडील वन बीएचकेवरून टू बीएचकेकडे जाण्याच्या दृष्टीने सेक्टर ३५ मधले फ्लॅट बघत असतात, आणि तिघेही एकाच कंपनीचा माल आहेत हे तिघांपैकी कोणाच्याही गावी नसते. शिवाय या तीन शोधांची गाठ अशी पक्की बसलेली असते की एक सुटल्याशिवाय दुसरा सुटत नाही. मुलीकडचे विचारतात, पॅकेज किती आणि स्वतःचे घर आहे का. बँक विचारते, तीन महिन्यांची पगाराची स्लिप आहे का. आणि नवी कंपनी विचारते, लग्न झाले आहे का, कारण झाले असेल तर हा पुण्याला जायचा नाही आणि झाले नसेल तर लवकरच पंधरा दिवस रजा मागेल. या चक्रात कुठेही हात न घालता फक्त बघत राहणे हाच शहाणपणाचा मार्ग असल्यामुळे तिन्ही संकेतस्थळांचा संसार सुखाचा चालतो. त्यातच सिडकोच्या घरांची सोडत जाहीर झाली की सारे कुटुंब चौथ्या संकेतस्थळावर अर्ज भरते, आणि त्या काळात मुलाच्या प्रोफाइलवरचा पूर्णविराम आठवडाभर उघड्यावर पडतो.

तिसरे साधन म्हणजे फोन. तो नेमका अशा वेळी येतो जेव्हा तो घेता येत नाही, म्हणजे साहेब समोर बसलेले असताना, किंवा बेलापूर ते पेंधर मेट्रोत. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या मार्गावर ११ स्थानके आहेत, आणि सेंट्रल पार्कला चढलेला उमेदवार बेलापूरला उतरेपर्यंत रिक्रूटरशी होणारे संभाषण एका ठरलेल्या नाट्यसंहितेनुसार चालते.

"सर, आप जॉब चेंज के लिए देख रहे हैं?"

"हां, मतलब, अच्छा अपॉर्च्युनिटी होगा तो…"

"सर, करंट सीटीसी?"

सीटीसी म्हणजे कंपनीला उमेदवारावर खर्च होतो असे वाटणारी रक्कम. हातात पडणारी रक्कम वेगळी असते आणि घरी सांगितलेली त्याहून वेगळी. शेजारी उभा असलेला माणूस कान टवकारतो, म्हणून उमेदवार तोंडावर हात धरून आकडा सांगतो. पलीकडे तो ऐकू जात नाही, म्हणून तो मोठ्याने सांगतो. मग डब्यातल्या सर्वांना तो कळतो आणि दोघे-तिघे सहानुभूतीने त्याच्याकडे बघतात. पुढे 'एक्स्पेक्टेड' विचारला जातो, आणि भाजीवाल्याकडे दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा हा वीर या प्रश्नाला "ॲज पर कंपनी स्टँडर्ड्स" असे उत्तर देतो. पाचएक मिनिटे असे दोन्ही बाजूंनी हिंदीचे हाल झाल्यानंतर उमेदवाराच्या तोंडून 'अहो' निसटते आणि पलीकडून आवाज येतो, "अय्या, सर, तुम्ही मराठी आहात? मी कामोठ्याची!" वातावरण घरगुती होते, मानसरोवर स्टेशनची चौकशी होते, आणि मग तो प्रश्न येतो.

"सर, नोटीस पीरियड?"

"नव्वद दिवस."

"ओह."

नोटीस पीरियड म्हणजे राजीनामा दिल्यानंतरही जुन्या कंपनीत थांबण्याची मुदत. आपल्याकडचा माणूस नव्वद दिवस सोडायचा नाही आणि दुसऱ्याकडचा पंधरा दिवसांत आला पाहिजे, ही प्रत्येक कंपनीची मनीषा असते, आणि एकाच माणसाला या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण करता येत नाहीत हे अंकगणित कोणत्याच व्यवस्थापन संस्थेत शिकवत नसावेत. "सर, आमच्याकडे इमिजिएट जॉइनर हवाय," असे सांगून कामोठ्याची कन्या फोन ठेवते. तीन महिन्यांनी तिचाच फोन त्याच जागेसाठी पुन्हा येतो, आणि राजीनामा देऊन ठेवला असता तर आज आपण इमिजिएट झालो असतो, हा विचार उमेदवाराला पेंधरपर्यंत पुरतो. कधीकधी फोन यापेक्षा फार गोड असतो, नोटीस पीरियड विचारत नाही, मुलाखतीशिवाय निवड झाल्याचे कळवतो आणि फक्त 'नोंदणी फी' मागतो. अशा फोनला भुलू नये हे सांगणाऱ्या सूचना सर्वत्र आहेत, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या नावाने आलेला फोन मात्र, "विमाने तर इथूनच उडणार आहेत, मग खोटे कशाला असेल?" या तर्काने ऐकला जातो.

शोध चालू आहे हे जगाला कळावे आणि आपल्या ऑफिसला कळू नये, ही उमेदवाराची दुहेरी गरज ओळखून पोर्टलने आपल्या कंपनीपासून प्रोफाइल लपवण्याची सोय दिलेली असते. तिचा उपयोग केल्यानंतर माणूस निर्धास्त होतो. परंतु कंपन्या माणसे शोधण्याचे काम बाहेरच्या सल्लागारांना देतात, आणि सल्लागाराचे नाव कंपनीच्या नावासारखे नसते, त्यामुळे एके दिवशी उमेदवाराचा ताजा रेझ्युमे त्याच्याच साहेबांच्या टेबलावर येतो. येथे खडाजंगी होईल अशी वाचकाची अपेक्षा असेल. प्रत्यक्षात साहेब तो रेझ्युमे बारकाईने वाचतात, त्यातली 'स्टेकहोल्डर निगोशिएशन' ही ओळ आपल्या स्वतःच्या रेझ्युमेसाठी उतरवून घेतात आणि गप्प बसतात, कारण सल्लागाराकडच्या पुढच्या फायलीत त्यांचाही रेझ्युमे असतो. साहेबांच्या छळाला कंटाळून नोकरी बदलावी ही कल्पना नोकरी डॉट कॉमच्या 'हरी साडू'च्या जाहिरातीने एकेकाळी घराघरांत पोहोचवली. फोनवर साहेबाच्या नावातल्या एकेका अक्षराला एकेक शिवी जोडून सांगणारा तो कनिष्ठ देशाचा नायक झाला होता. त्या जाहिरातीने एकच गोष्ट सांगितली नाही, ती म्हणजे साडूसाहेबांचे स्वतःचे खाते किती टक्के पूर्ण होते.

काही उमेदवारांना इतकी गुप्तता सोसत नाही, त्यांच्यासाठी लिंक्डइन आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला घेण्याचे जाहीर केलेल्या या संकेतस्थळावर माणूस नोकरी शोधायला जातो आणि दुसऱ्यांच्या बढत्या वाचून परत येतो. २०२० पासून तिथे आपल्या छायाचित्राभोवती 'कामासाठी उपलब्ध' असे सांगणारे हिरवे कडे लावता येते. ते लावावे तर भाव पडतो आणि न लावावे तर कळत नाही, या विवंचनेत अनेकांनी ते रात्री लावून सकाळी काढलेले आहे. तिथे साध्या बातमीला मनाई असते. सेक्टर ७ मधल्या क्लासमध्ये दोन दिवसांचे एक्सेल शिकून आलेला माणूसही 'अत्यंत नम्रतेने आणि कृतज्ञतेने' ते जाहीर करतो, आणि त्याखाली त्याच्या वाईटावर टपलेले शंभर लोक एकाच बटणाने तयार होणारे एकसारखे अभिनंदन करतात. २०२४ मध्ये या संकेतस्थळाने शब्दांची आणि तर्काची कोडीही सुरू केली. म्हणजे नोकरी मिळो न मिळो, माणूस रोज यायला हवा, ही गोष्ट आता झाकूनही ठेवलेली नाही. ऑफिसात ती कोडी सोडवणाऱ्या तरुणाला साहेबांनी विचारले, "काय चाललंय?" त्यावर त्याने "प्रोफेशनल नेटवर्किंग" असे उत्तर दिले, आणि साहेबांनी त्याला आजच्या कोड्यातली तिसरी राणी कुठे बसते हे विचारून घेतले.

या साऱ्या व्यवहारात अलीकडे यंत्रांनीही भाग घेतला आहे. उमेदवार आपला रेझ्युमे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतो, कंपनी तो कृत्रिम बुद्धिमत्तेकडून वाचून घेते, दोन्ही यंत्रांचे एकमेकांशी छान जमते, आणि मधल्या वेळात उमेदवार शिल्प चौकात वडापाव खातो. पोर्टलेही या नियमातून सुटलेली नाहीत: 'मॉन्स्टर' या नावाने भारतात बस्तान बसवलेल्या संकेतस्थळाने २०२२ मध्ये 'फाउंडइट' असे नवे नाव घेतले, म्हणजे हेडलाइन बदलून पाहण्याची वेळ दुकानदारावरही आली. माणूस निवृत्त झाला तरी सुटका होते असे नाही. सेंट्रल पार्कमध्ये सकाळी फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक काका निवृत्तीला चार वर्षे झाली तरी 'शून्य ते एक वर्ष अनुभव' असलेल्या नोकऱ्यांचे ईमेल नेमाने वाचतात. ते बंद का करत नाहीत, असे विचारले असता त्यांनी सांगितले की एकदा तसे केले होते, तेव्हा संकेतस्थळाने कारण विचारले, दिलेल्या पर्यायांत 'आता पुरे' हा पर्याय नव्हता, म्हणून त्यांनी 'मला नोकरी लागली' यावर बोट ठेवले. त्यावर संकेतस्थळाने अभिनंदन केले आणि याहून चांगली मिळावी म्हणून प्रोफाइल ताजे ठेवण्यास सांगितले. "कोणीतरी रोज विचारतंय ना," काका म्हणाले, "मुलगा अमेरिकेतून रविवारीच विचारतो."

इतके सारे सोसूनही कधीकधी उमेदवाराला खरोखरच नोकरी लागते, हे नमूद न करणे अन्यायाचे होईल. ऑफर लेटर आले की तो प्रथम ते जुन्या साहेबांना दाखवतो, या आशेने की ते पगार वाढवतील; साहेब 'तू आमच्या कुटुंबातला आहेस' असे म्हणतात, म्हणजे वाढवत नाहीत; मग नव्वद दिवस तो भूतलावर असूनही नसल्यासारखा वावरतो, निरोपाच्या समारंभात त्याला भिंतीवरचे घड्याळ मिळते, आणि एका सोमवारी तो ऐरोलीच्या नव्या ऑफिसात दाखल होतो. खारघरहून ठाण्याच्या गाडीत चढताना त्याने ठरवलेले असते की आता पोर्टलचे नावही काढायचे नाही. नव्या ऑफिसातली एचआर मॅनेजर त्याच्या गळ्यात पट्टा घालते, कँटीन दाखवते, मूल्ये आणि ध्येये यांवरची चित्रफीत दाखवते, आणि अखेरचा फॉर्म भरताना विचारते, "आमच्या कंपनीबद्दल तुम्हाला कुठून कळलं?"

"पोर्टलवरून," तो सांगतो.

मॅडम लिहायच्या थांबतात, उठून केबिनचे दार लोटून घेतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "तिथे एचआरसाठी सध्या काही दिसलं का हो? नाही, म्हणजे घाई अशी नाही. पनवेल साइडला असेल तर बरं."